दुसरा टॅग

ऑफिसातली पोरं तिला मावशी म्हणायची. त्याला कारण झाला दारावरचा एक नवा रखवालदार. साधे कपडे, खांद्याला कापडी पिशवी आणि पायात रबरी चपला बघून त्याने तिला अडवलं होतं, “मावशी, साफसफाईवाल्यांनी मागच्या दाराने जायचं.” दुसरी कुणी असती तर तिथल्या तिथे त्याची बिनपाण्याने केली असती. ही बरं म्हणून मागच्या दाराने गेली, आणि तिकडून आपलं टेबल जवळ पडतं हे लक्षात आल्यावर रोज तिकडूनच येऊ लागली. पोरांना हे कळलं आणि नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

“रखवालदार काही खोटं बोलला नाही,” तिचा नवरा म्हणायचा. “दुसऱ्यांनी करून ठेवलेला कचराच तर काढतेस तू.”

नवरा शहर वाहतुकीच्या बसवर ड्रायव्हर. बायको नेमकं काय करते हे त्याला अर्धंमुर्धं कळायचं, आणि जे कळायचं ते तो डेपोत मीठमसाला लावून सांगायचा. एकदा तो म्हणाला होता, “आमची ही कर्नलमध्ये असते.” तर एका कंडक्टरने आदराने विचारलं होतं, “वहिनींना बंदूक पण मिळते का हो?”

बंदूक नव्हती. कंपनी लहान यंत्रांच्या पोटातल्या संगणकांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम बनवायची. लिफ्ट, पाण्याचे पंप, शीतगृहं, असल्या ठिकाणी ती चालायची. कर्नल म्हणजे त्या सिस्टीमचा गाभा, आणि गाभ्यातल्या नेटवर्कच्या भागातला एक कोपरा मावशीकडे होता. एका यंत्राला दुसऱ्याला काही कळवायचं असलं की मजकुराचं पॅकेट करून ते वायरीवर सोडतात. हे पॅकेट कुठल्या प्रोटोकॉलचं, म्हणजे कुठल्या रीतीने वाचायचं, ते त्याच्या तोंडाशीच आकड्यात लिहिलेलं असतं. नीट वळणाचे प्रोग्राम पॅकेट देतानाच कर्नलला ते सांगतात. जुने, अडाणी प्रोग्राम मात्र काही न सांगता पॅकेट पुढे ढकलतात. तुझं तू बघून घे. मग कर्नलला स्वतःच डोकावून ओळखावं लागतं. हे ओळखणारं कोड लिहिलं होतं दुसऱ्याच कुणीतरी, आणि तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता. आता ते मावशीच्या पदरात होतं.

त्या कोडमध्ये एक चूक होती. मावशीला ती सापडली एका पंपवाल्याच्या तक्रारीवरून. त्याची काही पॅकेट वाटेतच नाहीशी होत होती, कधी होत, कधी नाही. पोरांनी वायर बदला, केबल बदला असं सांगून तक्रार टोलवली होती. मावशीने ती उचलली आणि तिच्यामागे लागली.

प्रकार असा होता. मोठ्या जागांमध्ये एकाच वायरीवरून अनेक विभागांची पॅकेट जातात, म्हणून प्रत्येक पॅकेटच्या तोंडाशी कुठल्या विभागाचं ते सांगणारा टॅग लावतात. प्रोटोकॉलचा आकडा त्या टॅगच्या मागे जातो. कोडला एका टॅगच्या मागे बघायचं ठाऊक होतं. पण कुणी टॅगच्या मागे आणखी एक टॅग लावला की ते त्या दुसऱ्या टॅगलाच प्रोटोकॉल समजायचं, आणि असला प्रोटोकॉल काही आपल्या ओळखीचा नाही म्हणून हात वर करायचं. पॅकेट लहान असलं तर बिघडत नसे, अनोळखी तर अनोळखी, जा बाबा, म्हणून ते तसंच सोडलं जायचं. मोठं पॅकेट मात्र पाठवण्याआधी कापून त्याचे तुकडे करावे लागतात, आणि प्रोटोकॉल कळल्याशिवाय कुठे कापायचं ते कळत नाही. म्हणून कर्नल ते फेकून द्यायचं. कुणाला न सांगता, न सवरता.

लहान निरोप पोचायचे आणि मोठे नाहीसे व्हायचे, ते असे.

मावशीने दुरुस्ती केली. टॅगमागे टॅग येत असतील तर ते संपेपर्यंत बघत जायचं, इतकंच. दुरुस्ती सिस्टीमच्या नव्या आवृत्तीत गेली, पंपवाल्याने धन्यवाद कळवले, मावशीने त्या दिवशी घरी जाताना आइस्क्रीम नेलं.

आणि मग एका फोन कंपनीचा आरडाओरडा आला. त्यांच्या गिऱ्हाइकांना प्रत्येक संदेश दोनदा जायला लागला होता. त्यांच्या कुठल्याशा पुरातन प्रोग्रामला बरेच संदेश एकत्र बांधून केलेलं मोठं पॅकेट एकदा एका टॅगने आणि एकदा दोन टॅगांनी पाठवायची खोड होती. दुसरं पॅकेट आजवर कर्नल गुपचूप गिळत होतं म्हणून कुणाला पत्ता नव्हता. मावशीच्या दुरुस्तीने ते सुखरूप पोचायला लागलं.

साहेबांनी तिला बोलावलं. साहेब तसे भले गृहस्थ, रागावण्याआधी माफी मागणारे. “बाई, दुरुस्ती मागे घ्यावी लागेल.”

“साहेब, चूक त्यांची आहे.”

“त्यांचीच आहे. पण काल चालत होतं ते आज आपल्यामुळे बिघडलं, हे त्यांचं म्हणणंही खरंच आहे ना? तो नियम आपणच केलाय. चालतंय ते मोडायचं नाही.”

“मग ज्यांचं चालत नाही त्यांचं काय?”

“ते एवढे मोठे गिऱ्हाईक नाहीत,” साहेब म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला.

दुरुस्ती मागे गेली. फोन कंपनी आपला प्रोग्राम सुधारणार होती. ती काही सुधारेना. मावशी आठवण करायची, साहेब कळवायचे, तिकडून ‘विचाराधीन’ असं उत्तर यायचं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मावशीनेच मधला मार्ग काढला. दुरुस्ती ठेवायची, पण एका सेटिंगमागे. सेटिंग शून्य असेल तर जुनी वागणूक, एक केलं तर नवी. आणि मुळात ठेवायचं शून्य, म्हणजे फोन कंपनीची ओरड नको. हे ऐकून साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला हात जोडले. मावशीने सेटिंगची माहिती पुस्तिकेत लिहिली. तिला लिहिणं कधी सोपं जात नसे. तो मजकूर तिने पुन्हा पुन्हा लिहिला, नवऱ्याला वाचून दाखवला, त्याला कळला तेव्हा कुठे दिला.

“पण हे कुणी वाचणार का?” नवऱ्याने विचारलं होतं.

“काहीच नसण्यापेक्षा बरं,” ती म्हणाली होती.

बरीच वर्षं गेली. त्यांची मुलगी शिकून दूर नोकरीला गेली, नवऱ्याच्या कमरेने जाब विचारायला सुरुवात केली, मावशीचे केस पांढरे झाले. ते सेटिंग कुणी एक केल्याचं तिच्या कानावर आलं नाही.

आणि एके दुपारी एका शीतगृहाची यंत्रणा बसवणारा टेक्निशियन ऑफिसात आला. उंच, वाकलेला माणूस, हातातली पिशवी पोटाशी धरून. शीतगृहात गारव्यासाठी वापरतात त्या अमोनिया वायूची नळी फुटली होती. धोक्याची घंटा वाजलीच नव्हती. “वायरीवर काय काय गेलं त्याची नोंद यंत्रात राहते,” तो म्हणाला. “आमच्याकडे कुणाला वाचता येईना. तुमच्याकडे एक मावशी आहेत म्हणाले.”

मावशीने नोंद उघडली. तिला फार शोधावं लागलं नाही. अपघाताच्या थोडेच दिवस आधी नेटवर्कचं काम करणाऱ्या ठेकेदाराने तिथे आणखी एक टॅग लावला होता. आठवड्याच्या चाचणीचे निरोप दिसत होते, वायू टिपणाऱ्या एकेका सेन्सरचा एकेक, लहान, सगळे घंटेपर्यंत पोचलेले. मग तो दिवस. वायू सुटल्यावर सगळे सेन्सर एकदम बोलले होते. प्रोग्रामने सगळ्यांचं म्हणणं एकत्र करून एक मोठं पॅकेट कर्नलच्या हाती दिलं होतं. पुढे वायरीवर काहीच नव्हतं. प्रोग्रामने ते पुन्हा दिलं, पुन्हा दिलं. वायरीवर काहीच नव्हतं.

“काही कळलं का?” टेक्निशियनने विचारलं.

“आत कोण होतं?”

“ऑपरेटर. जीव वाचला. पण फुप्फुसं गेली. आता मालक म्हणतात, त्याने घंटेची चाचणी नीट केलीच नसणार.”

मावशीने साहेबांना सगळं दाखवलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग ते कंपनीच्या वकिलांशी बोलून आले आणि म्हणाले, “चौकशी चालू आहे. आपण होऊन काही बोलायचं नाही. विचारलं तर बघू.”

“आणि सेटिंग? ते तरी आता मुळात एक करून टाकू.”

“आत्ता बदललं तर आपण चूक कबूल केल्यासारखं होईल, बाई. चौकशी होऊ दे.”

“ती झाल्यावर?”

“फोन कंपनी आहेच ना अजून,” साहेब खालमानेने म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी मावशी ऑपरेटरच्या घरी गेली. पत्ता टेक्निशियनने दिला होता. इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर चौथ्या मजल्यावर. जिन्यात कुणाच्या तरी सायकली कठड्याला बांधलेल्या, त्यांच्यातून अंग चोरत ती वर गेली तेव्हा तिचाच श्वास फुलला होता. दार ऑपरेटरच्या बायकोने उघडलं. धुलाईच्या दुकानात कामाला असायची ती. बोटं पाण्याने पांढुरकी झालेली. आत खिडकीशी खुर्चीत ऑपरेटर बसला होता. चाळिशीचा असेल. शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं.

“बसा, दम खा,” तो म्हणाला. आवाज फाटक्या कागदासारखा. “मी... घरी आल्यापासून खाली... उतरलो नाही. उतरेन हो. चढणार... कोण?” आणि आपल्याच बोलण्यावर तो हसला, मग खोकला, आणि खोकला थांबेपर्यंत त्याची बायको त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मावशीने आपण कोण ते सांगितलं. मग टॅग, पॅकेट, सगळं सोप्या शब्दांत सांगितलं.

“म्हणजे लहान निरोप जायचा,” ऑपरेटर शेवटी म्हणाला, “आणि मोठा जायचा नाही.”

“हो.”

“मी दर आठवड्याला बटण दाबून बघायचो. घंटा वाजायची.”

“वाजायचीच. तुमची चाचणी बरोबर होती. त्यात तुमची काही चूक नाही.”

त्याने बायकोकडे पाहिलं. ती पदराने तोंड पुसत आत गेली. आत भांड्यांचा आवाज झाला आणि थांबला.

“ती विचारायची नाही मला,” ऑपरेटर हळू म्हणाला. “पण मीच मला विचारायचो. वाजली होती का खरंच? का मी नुसतंच... वाजली म्हणून धरून चाललो? माणसाला आपलंच... आठवेनासं होतं, ताई.” तो श्वासासाठी थांबला. “हे तुम्ही चौकशीत सांगाल?”

वकिलांनी काय सांगितलं होतं ते मावशीला आठवत होतं. “सांगते,” ती म्हणाली.

नवऱ्याने ऐकलं तेव्हा तो बराच वेळ कमरेला पट्टा बांधत राहिला. “नोकरी जाईल.”

“जाऊ दे.”

“जाऊ दे तर जाऊ दे,” तो म्हणाला. “माझी बस काही पळून जात नाही.”

तिने चौकशी समितीला कळवलं की मला बोलायचं आहे. साहेबांनी तिला अडवलं नाही, फक्त तिच्याशी बोलायचं बंद केलं. ठरल्या दिवशी ती गेली. लांब टेबल, पाण्याचे झाकलेले पेले, एका भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. ऑपरेटरला चार मजले उतरून पुन्हा चढणं जमणार नव्हतं, त्याच्या जागी त्याची बायको येऊन बसली होती. मावशीने सांगायला सुरुवात केली. ती चांगलं बोलली. अध्यक्ष म्हातारे होते, मान हलवत ऐकत होते, आणि एकदा तर म्हणाले, “म्हणजे या माणसाने केलेली चाचणी योग्य होती?” मावशी म्हणाली, “पूर्णपणे योग्य.” ऑपरेटरच्या बायकोने डोळे मिटले.

मग शीतगृहाचे वकील उठले. तरुण, गोड आवाजाचे.

“ही चूक तुम्हाला आधीपासून ठाऊक होती?”

“हो. मी ती दुरुस्तही केली होती.”

“अरे वा. म्हणजे अपघाताच्या दिवशी त्या यंत्रात दुरुस्ती होती?”

“होती. पण बंद होती.”

“चालू करायची सोय नव्हती?”

“सोय होती, पण—”

“होती की नव्हती?”

“होती. एक सेटिंग आहे. शून्याचं एक करायचं.”

“त्याला इंजिनियर लागतो?”

“नाही. पण ते आहे हे माहीत असायला हवं.”

वकिलांनी पुस्तिका वर केली आणि तो मजकूर वाचून दाखवला. दोन टॅगांच्या नेटवर्कवर मोठी पॅकेट हरवू शकतात, असं असेल तर हे सेटिंग चालू करा. “हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“सुरेख लिहिलंय. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, पण हे कळलं.” दोनचार जण हसले. “ही पुस्तिका यंत्राबरोबर येते. ऑपरेटरला प्रशिक्षणात ती दिली होती, मिळाल्याची त्याची सही आमच्याकडे आहे. म्हणजे उपाय त्याच्या हाताशी होता. बरोबर?”

“त्याच्या नेटवर्कला दुसरा टॅग लावलाय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं!” मावशी म्हणाली. “आणि पुस्तिका एवढी जाड आहे. असं कुणी वाचत नाही.”

“वाचत नाहीत हे माहीत असताना तुम्ही ते बंद का ठेवलंत?”

मावशीने फोन कंपनीचं सांगितलं. सांगता सांगताच तिला कळत होतं की हे ऐकायला कसं वाटतंय. एका शीतगृहाच्या चौकशीत ती दोनदा जाणाऱ्या संदेशांबद्दल बोलत होती. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, ते बंद आहे हे लक्षात आल्यावर मनगटाकडे पाहिलं.

निकाल लागला. तोवर समितीचा कल ‘कारण निश्चित सांगता येत नाही’ असं लिहून हात झटकण्याकडे होता, आणि तसं झालं असतं तर ऑपरेटरवर ठपका आला नसता. आता कारण निश्चित झालं होतं. यंत्रणेत दोषावरचा उपाय उपलब्ध होता, त्याची लेखी माहिती ऑपरेटरला दिलेली होती, त्याने तो योजला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फासाची दोरी वळली होती मावशीने.

नोकरी गेली नाही. उलट साहेब तिच्याशी पुन्हा बोलायला लागले. “बाई, आपले वकील तुमची स्तुती करत होते,” ते म्हणाले. “सेटिंग होतं, पुस्तिकेत लिहिलेलं होतं, हे तुम्ही इतकं स्पष्ट सांगितलंत की कंपनीवर काही आलंच नाही.” त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते मनापासून म्हणत होते.

तिने समितीला पुन्हा अर्ज केला, त्याला नकार आला. आणखी वरच्या कचेरीत गेली, तिथल्या कारकुनाने विचारलं, “तुम्ही त्यांच्या कोण?” ती अर्ज पिशवीत घालून परत आली.

ती पुन्हा चार मजले चढून गेली. या वेळी ऑपरेटरच्या बायकोने दार अर्धंच उघडलं.

“ते झोपलेत.”

“मी फक्त—”

“ताई, तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. ते पण म्हणत नाहीत. ते म्हणतात, त्या खरंच बोलल्या.” ती जिन्याकडे बघत बोलत होती. “पण खरं बोलायला तुम्हाला आमचंच घर सापडलं का? तुम्ही आला नसतात तर कारण कळलं नाही, एवढ्यावर भागलं असतं. आता त्यांना वाटतं ते पुस्तक वाचायला हवं होतं. ते मागवून घेतलंय त्यांनी. दिवसभर वाचत बसतात.”

आतून खोकण्याचा आवाज आला. झोपलेला माणूस खोकतो तसा तो नव्हता.

“पुन्हा नका येऊ,” ती म्हणाली, आणि दार लावताना आवाज होऊ नये म्हणून कडी हाताने धरून लावली.

पुढच्या वर्षी फोन कंपनीने ती संदेशांची सेवाच बंद केली. कुणी वापरत नव्हतं म्हणे. साहेबांनी येता जाता सांगितलं, “बाई, ते तुमचं सेटिंग आता खुशाल एक करून टाका.” मावशीने शून्य खोडलं, एक लिहिलं. बदलाचं कारण लिहायच्या जागी तिने बरंच काही लिहिलं, मग सगळं पुसलं आणि ‘आता गरज उरली नाही’ एवढंच ठेवलं. बैल गेला अन् झोपा केला. शेजारच्या टेबलावरच्या पोराने ते तपासलं, मान्य केलं, आणि विचारलं, “मावशी, हे आधीच का नव्हतं असं?”

“एकदा होतं असंच,” ती म्हणाली.

ऑपरेटरने घर सोडल्याचं टेक्निशियनकडून कळलं. बायकोच्या बहिणीकडे तळमजल्यावर एक खोली मिळाली होती. नवऱ्याने रस्त्याचं नाव ऐकलं आणि म्हणाला, “माझ्या बसच्या वाटेवरच आहे.” एका सुट्टीच्या दिवशी ती त्याच्या बसमध्ये जाऊन बसली, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर.

थांबा एका धुलाईच्या दुकानासमोर होता. पलीकडे बसक्या घरांची रांग, आणि एका उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून ऑपरेटर बसला होता. शेजारी नळकांडं. बारीक झाला होता, सदरा कुणा दुसऱ्याचा घातल्यासारखा वाटत होता. मांडीवर उघडं पुस्तक होतं. कुठलं, ते बसमधून दिसत नव्हतं. तो वाचतही नव्हता, रस्त्याकडे बघत होता.

चढणारे चढले, उतरणारे उतरले. दार उघडंच राहिलं. मागून एक मोटार हॉर्न देऊ लागली, मग दुसरी.

“उतरायचंय का?” नवऱ्याने मान न वळवता विचारलं.

मावशीने पिशवीचा बंद हाताला गुंडाळला, सोडवला.

“नाही. चला.”

तरी तो क्षणभर थांबला. मग त्याने दार लावलं.